गळतीचं भोक

डिपस्टिक ओढली, अंगठ्यावर पुसली,
आणि सुदाम निवंगुण्यांकडे न बघताच म्हणालो,
ऑईलचा चहा झालाय.
दूध जास्त पडलेला.

पानशेत धरणात लाँच बांधलेली, जागच्या जागी डुलत.
मी नाना पेठेतला, टेम्पोची इंजिनं उघडणारा.
हिच्या पोटातलंही इंजिन टेम्पोचंच,
म्हणून मला चाळीस किलोमीटर आणलेलं, हत्यारांच्या पिशवीसकट.

समुद्रावर सोपं असतं म्हणे.
जिभेला थेंब लावायचा, खारट लागलं की बाहेरचं पाणी.
इथं चव घेऊन काय कळणार?
पुणं जे पितं
तेच इंजिन प्यायलं होतं.

खात्री म्हणून त्यांच्या स्टोव्हवर पळी तापवली,
एक थेंब सोडला.
चर्र. मोहरीसारखा उडाला.
'झाकण उघडं राहिलं असेल हो रात्री,' निवंगुणे म्हणाले.
मी बाटली दाखवली, आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेली:
तळाला चार बोटं पाणी, वर काळं,
मधे साय.
एवढं झाकणातून येत नाही.

हेड उतरवलं. गॅस्केट शाबूत.
पोलादी पट्टी आडवी ठेवून फटीतून उजेड येतो का बघितला,
नाही आला.
ऑईल कूलर सोडवला, एक तोंड बंद, दुसऱ्याला सायकलचा पंप,
घमेल्यात बुडवला.
दोघं उकिडवे बसलो, बुडबुड्याची वाट बघत.
पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाका मारत होतं,
सुटणार का आज?
एकही बुडबुडा नाही.

पाणी कुठंतरी मुरतंय, असं लोक म्हणतात
आणि घरी जातात.
कुठं ते शोधायला पाठीवर झोपावं लागतं,
लाँचच्या तळातल्या राड्यात,
बॅटरी दातांत धरून.

तिथून पाण्याचा पंप दिसला.
त्याच्या मानेखाली एक भोक असतं, तांदळाएवढं.
काम काहीच करत नाही, फक्त सांगतं.
आतली सील गेली की तिथून टपटप.
ते एमसीलनं लिंपलेलं.
लिंपणावर अंगठ्याचा ठसा, रेषा न् रेषा स्पष्ट.

निवंगुणे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, 'गळायचं हो. आंबेमोहोराची पोती भिजायची,
शाळेच्या बाईंच्या चपला भिजायच्या.
माणसं नावं ठेवायची.
बुजवलं. थांबलं की.'

थांबलं.
मी पाना छातीवर ठेवून तसाच पडून राहिलो.
आमचे अण्णा चार महिने खोकत होते भिंतीपलीकडे,
आणि मी दर शनिवारी लाल औषधाची बाटली आणायचो.
त्यानं झोप लागायची. त्यांना, आणि आम्हाला.
ससूनमधल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीशी धरला,
छातीत पाणी झालंय म्हणाल्या.
किती दिवसांचं आहे हे?

'काय झालं हो?' वरून निवंगुणे.
काही नाही. बारका पेचकस द्या.

लिंपण खरवडलं. नव्या सील बसवल्या, पाण्याकडची, ऑईलकडची.
तीनदा ऑईल भरलं, इंजिन फिरवलं, सोडलं.
पहिलं ताकासारखं,
दुसरं राखेच्या रंगाचं.
'फुकट चाललंय की एवढं,' ते पुटपुटले.
तिसरं चिमटीत चोळलं, वास घेतला, पुन्हा चोळलं.
बरं होतं.

भोकाखाली तारेनं एक डबा टांगला, डालड्याचा, रिकामा.
निवंगुण्यांना म्हटलं, रोज सकाळी यात बघायचं.
कोरडा असेल तर डिझेल भरा,
ओला असेल तर फोन करा.
पोती दुसरीकडे रचा.

दिवेलागणीला लाँच सुटली, मीही बसलो, कान देऊन.
बाई चपला हातात घेऊन बसल्या होत्या, सवयीनं.
मधेच डबा खुळखुळायला लागला.
माझा एक नट राहिला होता त्यात.
काढायला वाकलो,
आणि काढला नाही.